डाविड स्टूरमनच्या नावापुढचा ‘दरोडेखोर’ हा शब्द काढा: नाट्यस्पर्धेच्या समितीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि परीक्षण समितीचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मागच्या सोमवारी मिळालं. आमचं संगीत नाटक अंतिम फेरीसाठी निवडलं गेल्याचं पहिल्या दोन ओळींत वाचलं आणि तालमीच्या खोलीत टाळ्या पडल्या. मग खालच्या चार अटी वाचल्या. पत्र हातोहात फिरलं, शेवटी तबलजीकडे गेलं, आणि त्याने ते घडी घालून माझ्या पेटीवर ठेवलं. त्या दिवशी तालीम झाली नाही.

त्याच पाकिटात स्पर्धेची छापील पत्रिका होती. आमच्या नाटकाचा परिचय तिच्यात असा आहे: ‘आफ्रिकेतल्या हॉटेंटॉट टोळीतील एका दरोडेखोराची रोमहर्षक कहाणी.’ हे वाक्य आमचं नाही. आम्ही लिहून पाठवलं होतं, ‘गामटूस खोऱ्यातल्या खोई वस्तीचा प्रमुख डाविड स्टूरमन याची गोष्ट.’ खोई म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले मूळ रहिवासी. मी कार्यालयात फोन केला. पत्रिका छापून झाल्या आहेत, आणि ‘दरोडेखोर’ म्हटलं की तिकीट खपतं, असं मला सांगण्यात आलं. लेखी हरकत पाठवली, तिला उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. लहान गावांतल्या हौशी मंडळींना तुम्ही वर्षानुवर्षं रंगमंच दिलात, मलाही दिलात, ते मी विसरलेले नाही. पण या वेळी तुमचं चुकलं आहे, आणि ते मी गिळून टाकू शकत नाही.

मला एवढं का लागलं, ते आधी सांगते. २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं आमचं बिऱ्हाड दक्षिण आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथला होतं. नवऱ्याची नोकरी तिथल्या मोटारींच्या कारखान्यात होती. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी राहायच्या. संध्याकाळी मी पेटी घेऊन बसले, की त्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. १९५० साली तिथल्या सरकारने कायदा करून माणसांची वर्णांनुसार नोंद केली. त्या कायद्यात आजींच्या कागदावर ‘कलर्ड’, म्हणजे मिश्र वंशाची, असा शिक्का बसला. त्यांची आजी खोई होती, पण घरात ही गोष्ट कुजबुजतच बोलली जायची. एकदा त्या मला म्हणाल्या, “शाळेत आम्हाला शिकवलं, की तुमची माणसं गुरं चोरायची. मी मान खाली घालून ते पाठ केलं आणि त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले.”

२०२१ च्या फेब्रुवारीत त्या शहराचं नाव बदलून गेबेर्हा झालं आणि विमानतळाला चीफ डाविड स्टूरमन यांचं नाव दिलं गेलं. विरोध खूप झाला. आजींनी वर्तमानपत्रातलं ते नाव कात्रीने कापून फ्रिजच्या दाराला चिकटवलं. दूध काढताना, पाणी ठेवताना त्या ते मोठ्याने वाचायच्या. या नाटकाचं पहिलं पद मी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलं.

प्राथमिक फेरीचा प्रयोग मी त्यांना फोनवर दाखवला. पत्रिकेचा फोटोही पाठवला, आणि तो पाठवण्याआधी मी ती ओळ नीट वाचली नव्हती, ही माझी चूक. त्यांनी विचारलं, “त्याच्या नावाखाली काय लिहिलंय?” मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता त्या ओळीबद्दल.

‘हॉटेंटॉट’ हे नाव त्या लोकांनी स्वतःला कधी दिलं नाही. डच लोकांनी त्यांच्या बोलण्यातल्या आवाजांवरून ते चिकटवलं. आज दक्षिण आफ्रिकेत ती शिवी समजली जाते. त्यांचा स्वतःचा शब्द खोई, म्हणजे माणूस. आपल्याकडे एखाद्या जातीचं शिवीवजा नाव पत्रिकेत छापलं असतं, तर तुम्हीच रातोरात गठ्ठे परत मागवले असते.

आणि ‘दरोडेखोर’? खोई लोक मेंढपाळ, गुराखी. गुरं, चरबीदार शेपटीच्या मेंढ्या, पाणवठे आणि ऋतूप्रमाणे बदलणारी कुरणं, हे त्यांचं जग. १६५२ साली डच कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपला, ठाणं घातलं आणि सात वर्षांत जमिनीवरून पहिली लढाई झाली. १७१३ च्या देवीच्या साथीत वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. अठरावं शतक संपता संपता पूर्वेच्या सरहद्दीवरचे बहुतेक खोई आपल्याच बापजाद्यांच्या कुरणांवर गोऱ्या शेतकऱ्यांची गुरं राखत होते. १७९९ साली ते उठले. शेतांवरून घोडे आणि बंदुका घेऊन निघाले आणि शेजारच्या झोसा लोकांना जाऊन मिळाले. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक होता डाविडचा थोरला भाऊ क्लास. त्याचं मागणं काय होतं? आमच्या पूर्वजांची जमीन परत करा, मग आमचं दुसरं काही मागणं नाही, या अर्थाचे त्याचे शब्द नोंदलेले आहेत. आमच्या पहिल्या अंकाचं शेवटचं पद त्याच्यावर आहे.

१८०३ साली डच गव्हर्नर यान्सेन्सने तह केला आणि गामटूस नदीकाठी जमिनीचा एक तुकडा त्यांना दिला. त्याच वर्षी क्लास रानरेड्याच्या शिकारीत मारला गेला आणि वस्ती डाविडकडे आली. पुढे केप इंग्रजांच्या ताब्यात गेलं. एका शेतकऱ्याकडचे दोन खोई चाकर मुदत संपल्यावर त्याला सोडून निघाले. तो त्यांना जाऊ देईना, म्हणून ते डाविडच्या आसऱ्याला आले. त्यांना परत करा, असा हुकूम आला. त्याने नाही म्हटलं.

समितीतल्या सर्वांनी कृपा करून इथे थांबावं. त्याचा पहिला ‘गुन्हा’ हा आहे. दोन माणसांना त्याने धन्याच्या हवाली केलं नाही. १८०९ साली विश्वासातल्या माणसाकरवी बोलावून घेऊन त्याला पकडलं आणि केपच्या समुद्रातल्या रॉबेन बेटावर कैदेत धाडलं. त्याची माणसं शेतकऱ्यांकडे कामाला लावली. वसाहतीच्या हद्दीतली खोईंची शेवटची स्वतंत्र वस्ती अशी मोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर कॅलेडनचं फर्मान निघालं. प्रत्येक खोई माणसाने ठरलेल्या जागी राहायचं, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाताना परवाना बाळगायचा. ज्या देशात त्यांच्या मेंढ्या कधी कोणाला विचारून चरल्या नव्हत्या, त्या देशात हे फर्मान होतं.

रॉबेन बेटावरून तो निसटला. एकदा नाही, दोनदा. डच भाषेत स्टूरमन म्हणजे सुकाणू धरणारा, हे मी नाटक लिहिताना शब्दकोशात पाहिलं तेव्हा पेन खाली ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी, १८२० साली, कैद्यांनी देवमासे मारणाऱ्यांच्या होड्या बळकावल्या. समोरचा किनारा सात किलोमीटरांवर आहे आणि तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं, मी त्यात पाय घातले आहेत. लाटांत होडी उलटली आणि झोसांचा द्रष्टा मखांडा बुडाला. ग्रॅहमस्टाउन या गावाला २०१८ पासून त्याचंच नाव आहे. डाविड जिवंत किनाऱ्याला लागला आणि पुन्हा पकडला गेला. १८२३ साली त्याला काळ्या पाण्याच्या शिक्षेवर ऑस्ट्रेलियाला, सिडनीला नेलं. १८३० साली तिथल्या इस्पितळात तो वारला. घर पुन्हा दिसलं नाही.

या माणसाला दरोडेखोर कोण म्हणतं? ज्यांनी त्याची जमीन घेतली त्यांचे कागद. त्या कागदांत गोऱ्या शेतकऱ्याने खोईंची गुरं हाकून नेली की ती ‘परत मिळवली’ होतात, आणि खोईंनी नेली की चोरी होते. त्या कागदांचा शब्द पत्रिकेवर यावा, आणि तोही मराठीत, हे मला सहन होत नाही. उमाजी नाईकांना इंग्रजांनी काय म्हटलं होतं, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. ती चूक आपण आपल्या माणसाबाबत दुरुस्त केली. मग दुसऱ्याच्या माणसाबाबत तीच का करावी?

तुमच्या अटींकडे वळते.

तुम्ही लिहिलंत, ‘नावांतील व संवादांतील टकटक आवाज काढून टाकावेत, प्रेक्षक हसतात.’ प्राथमिक फेरीत काही जण हसले, हे खरं आहे. पण दुसऱ्या प्रवेशात हसणं थांबलं होतं, हेही तुमच्यापैकी तिघांनी पाहिलं आहे. हे आवाज आपल्याला परके आहेत, हे मला मान्य नाही. वाईट बातमी ऐकली की आपण चुकचुकतो. जीभ दातांमागे टेकवून ओढून घेतो तो आवाज, नेमका तो, खोई भाषेत एक व्यंजन आहे. बैलाला चालवताना गाडीवान गालातून जो आवाज काढतो, तेही व्यंजन आहे. पोरं घोड्याची टाप वाजवतात, तेही त्याच्या जवळचं आहे. आमच्या नटांना मी हे असंच शिकवलं. कलेक्टर कचेरीत नोकरी करणारे, नाटकात क्लास स्टूरमन होणारे आमचे नट दोन आठवडे जेवणाच्या डब्यापाशी बसून सराव करत होते. त्यांची सहा वर्षांची नात त्यांच्या आधी शिकली.

या आवाजांच्या कितीतरी भाषा मरत आल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या राजमुद्रेवरचं ब्रीदवाक्य ज्या भाषेत आहे, ती बोलणारं आज कोणी उरलेलं नाही. अपिंग्टन गावच्या कत्रिना एसाऊ, जन्म १९३३, आपली मायबोली पुढे राहावी म्हणून मुलांना घरी बसवून शिकवत आल्या आहेत. लहानपणी गोऱ्या मालकाने तीच भाषा बोलू दिली नव्हती. प्रेक्षक हसतात म्हणून ते आवाज आम्ही गाळायचे?

दुसरी अट वेशभूषेची. ‘कलाकार आफ्रिकन वाटत नाहीत. अंगाला काळा रंग, पाने, पिसे यांचा वापर करावा.’ हे मी करणार नाही. खोई माणसांचा रंग गव्हाळ, आमच्या अर्ध्या चमूइतकाच. मेंढीच्या कातड्याचं पांघरूण ते घेत, आणि स्टूरमनच्या काळात सरहद्दीवरचे कितीतरी खोई सदरा-विजार घालून घोड्यावर बसत. पानं-पिसं कुठून आणायची? शिवाय रंग फासण्यात अपमान आहे. आदिवासी म्हटलं की काळा रंग आणि ‘झिंगालाला’, हे आपल्या गॅदरिंगांतून पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. नंदुरबारची एक मुलगी आमच्या कोरसमध्ये आहे. ती अट वाचून म्हणाली, “म्हणजे मला रंग लावावा लागणार नाही ना?” तिला शाळेच्या स्नेहसंमेलनात तसा लावला होता. तिचा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते आहे.

तिसरी अट, ‘विषय आपल्या मातीतील नसल्याने एखादे मराठी पात्र घालावे.’ शेक्सपिअर मराठी रंगभूमीवर आला त्याला शंभरहून अधिक वर्षं झाली, तेव्हा मातीचा प्रश्न आडवा आला नाही. पण नुसतं तेवढं म्हणून थांबत नाही, कारण नातं खरोखरच आहे आणि ते नाटकात वाजतं आहे. डच काळात केपला बंगाल, कोरोमंडल आणि मलबारच्या किनाऱ्यांवरून माणसं गुलाम म्हणून नेली होती. खोईंचं तीन-चार तारांचं रामकी हे वाद्य मलबारच्या गुलामांकडून तिथे आलं, असं मानलं जातं. पुढे ते तेलाच्या डब्यापासून बनवायला लागले. आमची रामकी माझ्या मुलाने पाच लिटरच्या गोडेतेलाच्या डब्याला दांडी ठोकून केली आहे. कितीही धुतली तरी दिव्याच्या उष्णतेने तिला शेंगदाण्याचा वास सुटतो. ती ऑर्गनसोबत जुळवायला आम्हाला महिना लागला. हे नातं कानाला कळतं, त्यासाठी स्टूरमनला अक्कल शिकवणारा मराठी मित्र नको.

आणि कॅलेडनच्या फर्मानाचा प्रवेश सोलापुरात झाला, तेव्हा प्रेक्षकांतले एक वृद्ध गृहस्थ नंतर आत आले. त्यांचे आजोबा सेटलमेंटमधले. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेले, हजेरी देणारे, परवाना घेऊन बाहेर पडणारे. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. त्यांनी फक्त विचारलं, “हे फर्मान तुम्ही बनवून लिहिलंत की खरंच होतं?” मी म्हटलं, खरंच होतं. ते बराच वेळ रामकी हातात घेऊन बसले.

चौथी अट शेवटच्या प्रवेशाची. तुम्हाला नायक रंगमंचावर गोळी लागून पडायला हवा आहे, म्हणजे ‘शेवट उंचीवर जाईल’. स्टूरमन गोळीने मेला नाही. त्याला सिडनीच्या डेव्हनशायर स्ट्रीटवरच्या दफनभूमीत पुरलं. पुढे ती दफनभूमी हटवून तिथे मध्यवर्ती रेल्वे स्थानक बांधलं, ते १९०६ साली सुरू झालं. हाडं मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. २०१७ साली खोई आणि तिथल्याच सान या मूळ रहिवाशांचे प्रमुख दक्षिण आफ्रिकेतून सिडनीला गेले, विधी केला आणि त्याचा आत्मा बरोबर घेऊन गामटूस खोऱ्यात आले. त्याच खोऱ्यात, हँकी गावच्या टेकडीवर, सारा बार्टमन या खोई बाईची कबर आहे. तिला युरोपात तमाशासारखी दाखवली, १८१५ साली पॅरिसमध्ये ती वारली, आणि तिचा देह मायदेशी यायला २००२ साल लागलं. त्या कबरीला लोखंडी गजांचं कुंपण आहे. आजींना घेऊन मी तिथे गेले होते. खाली सगळीकडे संत्र्यांच्या बागा दिसतात. आजी गजांमधून हात घालून दगडांवर ठेवायला बघत होत्या, हात पोचत नव्हता.

म्हणून आमच्या शेवटच्या प्रवेशात मृतदेह नाही. स्थानकातली घोषणा ऐकू येते, झाडूवाला फलाट झाडतो, आणि विंगेतून रामकीची एकच तार वाजते. तार पाचव्यांदा वाजते तेव्हा झाडूवाला थांबतो आणि खाली बघतो. एवढंच. हा प्रवेश बदलला तर नाटकात काही उरत नाही, आणि नाटक मागे घ्यावं लागलं तरी मी तो बदलणार नाही.

तुमच्या दोन सूचना मात्र रास्त होत्या. दुसरा अंक लांबला होता, त्यातली दोन पदं आम्ही काढली. होडीच्या प्रवेशात शब्द ऐकू येत नव्हते, तिथे तबला खाली आणला. चांगलं सांगितलंत, त्याबद्दल आभार.

आमच्या मागण्या अशा आहेत. पत्रिकेतली ती ओळ दुरुस्त व्हावी, फलकावर आणि जाहिरातीतही. चारही अटी अंतिम फेरीआधी लेखी मागे घ्याव्यात. त्या पाळल्या नाहीत म्हणून गुण कापले जाणार असतील, तर तसं आताच स्पष्ट कळवावं, म्हणजे पुढचं आम्ही ठरवू. यापुढे कोणत्याही संघाने दिलेला परिचय त्यांना न विचारता बदलू नये, असा नियम स्पर्धेच्या माहितीपत्रकात घालावा. आणि कोणत्याही आदिवासी पात्रासाठी अंगाला काळा रंग फासण्याची सूचना तुमच्याकडून पुन्हा जाऊ नये. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही.

नव्या पत्रिका छापायला वेळ नाही, हे मला समजतं. आम्ही जुन्या ओळीवर बसेल एवढी चिकटपट्टी छापून घेतली आहे, बाराशे नग, खर्च आमचा. तिच्यावर लिहिलं आहे: ‘डाविड स्टूरमन, गामटूस खोऱ्यातल्या खोई वस्तीचा प्रमुख. दोन माणसांना धन्याच्या हवाली करायला त्याने नकार दिला.’ येत्या शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही सोळाही जण कार्यालयात येतो. तुम्ही हो म्हणालात तर तिथेच बसून संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रिकांवर चिकटवून देऊ. मग पहिल्या पत्रिकेचा फोटो मी आजींना पाठवीन आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देईन.

आपली नम्र,
नाटकाची लेखिका आणि पेटीवादक